एक मिनिट श्वास मोजा: गडचिरोलीच्या गावांत खरा ठरलेला एक नियम

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

आजची गोष्ट औषधाची नाही. औषध तर केव्हाच सापडलं होतं. आजची गोष्ट आहे ते औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला द्यायचं नाही, हे ठरवणाऱ्या एका नियमाची. नियम इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर कुणालाही वाटेल, एवढंच? बाळाला खोकला आहे ना, मग त्याचा श्वास एक मिनिट मोजा.

तुमच्यापैकी काही जण नुकतेच आईबाबा झाले असतील. बरेच जण काका, मामा, आत्या, मावशी असतील. घरात लहान मूल असलं की खोकला असतोच. लहान मुलांना वर्षातून पाच-सहा वेळा सर्दी-खोकला होणं अगदी नेहमीचं आहे. प्रश्न इतकाच की यातला कुठला खोकला नुसता खोकला आणि कुठला न्यूमोनिया? या एका प्रश्नावर लाखो मुलांचं जगणं-मरणं ठरलं आहे.

औषध होतं, मग मुलं का जात होती?

जरा मागे जाऊ. १८१६ साली फ्रान्समध्ये रेने लेनेक या डॉक्टरने स्टेथोस्कोप शोधला. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. त्यानंतर न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे छातीला नळी लावून आतली करकर ऐकायची आणि शंका आली तर एक्स-रे काढायचा, अशी पद्धत पडली. १९३० च्या दशकाच्या शेवटी सल्फा औषधं आली, मग पेनिसिलिन आलं. म्हणजे आजार ओळखता येत होता आणि बराही करता येत होता.

तरीसुद्धा १९८० च्या दशकात जगात पाच वर्षांखालची सुमारे ४० लाख मुलं दरवर्षी श्वसनाच्या संसर्गाने जात होती, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्यातली बहुतेक गरीब देशांतली होती.

कारण कळायला अवघड नाही. स्टेथोस्कोपने करकर ऐकायला प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. रडणाऱ्या, वळवळणाऱ्या सहा महिन्यांच्या बाळाच्या छातीत नेमकं काय ऐकू येतंय, यावर दोन डॉक्टरांचंही एकमत होईलच असं नाही. एक्स-रेला मशीन, वीज आणि पैसे हवेत. पेनिसिलिन होतं, पण ते डॉक्टरच्या निर्णयामागे कुलूपबंद होतं आणि डॉक्टर ४० किलोमीटरवर होता. न्यूमोनिया तेवढं थांबत नाही. लहान बाळ दोन-तीन दिवसांत हातचं जातं.

गोरोकाचा दवाखाना

आता जाऊया पापुआ न्यू गिनी या देशात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, डोंगर आणि दऱ्यांचा हा देश. रस्ते कमी, डॉक्टर त्याहून कमी. म्हणून तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकातच एक गोष्ट केली होती. मुलांच्या नेहमीच्या आजारांवर ठरलेले उपचार त्यांनी एका छोट्या पुस्तिकेत लिहून काढले. दूरच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सने ती उघडायची आणि त्याप्रमाणे वागायचं.

याच देशाच्या डोंगराळ भागात गोरोका नावाचं गाव आहे. तिथल्या दवाखान्यात फ्रँक शॅन हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर काम करत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन कामं केली.

पहिलं काम म्हणजे न्यूमोनिया झालेल्या मुलांच्या फुफ्फुसातून बारीक सुईने नमुना घेऊन आत कोणते जंतू आहेत ते पाहणं. निम्म्याहून अधिक मुलांमध्ये जिवाणू सापडले, मुख्यतः न्यूमोकोकस आणि हिमोफिलस. सर्दी बहुतेक वेळा विषाणूने होते आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जिवाणूवर मात्र चालतं. म्हणजे गरीब देशातल्या मुलाच्या न्यूमोनियाला अँटिबायोटिक देणं हे वाचवणारं पाऊल होतं.

दुसरं काम म्हणजे खोकणाऱ्या मुलांच्या दर मिनिटाच्या श्वासांची, छातीतल्या आवाजांशी आणि इतर लक्षणांशी तुलना करणं. १९८४ मध्ये हे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. खोकला आहे आणि श्वास मिनिटाला ५० च्या वर आहे, तर अँटिबायोटिक द्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, तर दवाखान्यात भरती करा. नुसता खोकला आहे, श्वास नेहमीसारखा आहे, तर अँटिबायोटिक नको.

हे चालतं कसं? न्यूमोनियात फुफ्फुसाचा काही भाग सुजतो, पाण्याने भरतो, ताठर होतो. फुगा जाड रबराचा असला की फुंकायला जोर लागतो ना, तसं. मग बाळ खोल श्वास घेऊ शकत नाही, म्हणून ते छोटे छोटे आणि भरभर श्वास घेतं. आजार आणखी वाढला की पोटाचा पडदा जोराने ओढायला लागतो आणि बरगड्यांखालचा भाग आत जातो. आपल्याकडे आज्या 'बाळाचं पोट उडतंय', 'बरगडी उडतेय' म्हणतात, विदर्भात 'डब्बा झालाय' म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच. डोळ्यांना दिसणारी खूण होती आणि बायकांना ती माहीत होती. विज्ञानाने तिला आकडा दिला.

पुढे या आकड्यात आणखी सुधारणा झाली आणि तिचा एक महत्त्वाचा धागा आपल्या देशातला आहे. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये दाखवलं की एक वर्षाखालच्या बाळाला ५० ही रेघ बरोबर आहे, पण वर्षावरच्या मुलाला ती फार वर पडते. मोठं मूल मुळातच सावकाश श्वास घेतं. त्याच्यासाठी ४० हवी. आज जगभर वापरतात ते आकडे असे आहेत: दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०.

गडचिरोली, १९८८

आकडा ठरला. पण मोजणार कोण?

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. जंगल, नद्या, विखुरलेली गावं. पावसाळ्यात कित्येक गावांचा संपर्कच तुटायचा. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर जोडपं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून इथे आलं आणि १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली.

गावागावांतले बालमृत्यू नोंदायला लागल्यावर त्यांना दिसलं की न्यूमोनिया हा सगळ्यात मोठ्या मारेकऱ्यांपैकी एक आहे. मग त्यांनी एक प्रयोग रचला. ५८ गावांत उपाय करायचा आणि ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहू द्यायची, तुलनेसाठी. उपाय दोन भागांचा होता. आईबापांना सांगायचं की खोकला आणि सोबत धाप, हा धोका आहे, थांबू नका. आणि गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्झाझोल हे स्वस्त अँटिबायोटिक द्यायला शिकवायचं. या माणसांमध्ये आरोग्य कर्मचारी होते, गावचे आरोग्यदूत होते आणि दाया होत्या.

दाया! ज्यांच्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या हातात अँटिबायोटिक द्यायचं, हे तेव्हाच्या वैद्यकीय वर्तुळात सहज पचण्यासारखं नव्हतं. आजही पचत नाही काहींना.

बरं, ज्या बाईला वीसच्या पुढे आकडे येत नाहीत, तिने पन्नास श्वास कसे मोजायचे? यावर 'सर्च'ने जे साधन बनवलं ते मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं. एक मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी मण्यांची वेगळी ओळ, त्यात एक मणी जास्त. दहापर्यंत मोजता येणं एवढीच अट.

या प्रयोगाचा निबंध १९९० मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. आकडे जरा सावकाश ऐका. या गावकऱ्यांनी न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर उपचार केले. त्यातली ०.८ टक्के मुलं दगावली, म्हणजे शंभरातलं एकही नाही. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेली १३.५ टक्के मुलं दगावत होती. वर्षभराने पाहिलं तेव्हा पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू प्रयोगाच्या गावांत ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. एक वर्षाखालच्या बाळांचा मृत्युदर हजारी ८९, आणि तिकडे १२१.

हे एकट्या गडचिरोलीत घडलं असं नाही. नेपाळमधलं जुम्ला, बांगलादेशातलं मतलब, टांझानियातलं बागामोयो, पाकिस्तानातला अबोटाबादचा परिसर, अशा ठिकाणीही याच विचाराचे प्रयोग झाले. २००३ मध्ये अशा नऊ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला. पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी झाले होते. कुठलंही नवं औषध न शोधता.

नियम आणि डॉक्टरचा 'अनुभव'

इथे एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. डॉक्टर म्हणतात, प्रत्येक मूल वेगळं असतं, वैद्यक म्हणजे स्वयंपाकाची पाककृती नव्हे. गाइडलाइन ज्याला काही येत नाही त्याच्यासाठी, आम्हाला अनुभव आहे.

यातला पहिला भाग खरा आहे. श्वास मोजण्याची चाळणी मुद्दाम मोठ्या मनाची ठेवली आहे. तिच्यात खरा न्यूमोनिया सहसा सुटत नाही, पण विषाणूने किंवा दम्यासारख्या त्रासाने भरभर श्वास घेणारी मुलंही अडकतात. मलावीमध्ये एक चाचणी झाली, २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. नुसता जलद श्वास असलेल्या, बाकी बऱ्या मुलांपैकी निम्म्यांना अमॉक्सिसिलिन दिलं आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी. औषधाच्या गटात साधारण ४ टक्के मुलांचा उपचार फसला, दुसऱ्या गटात ७ टक्के. म्हणजे बहुतेक मुलं तशीही बरी झाली असती. पण नेमकी कुठली, हे आधी सांगता येत नाही. जिथे बाळ बिघडलं तर रात्री दवाखाना गाठता येणार नाही, तिथे तो ४ आणि ७ मधला फरक म्हणजे कुणाचं तरी बाळ आहे. म्हणून चाळणी तशीच ठेवतात.

दुसरा भाग, म्हणजे अनुभव असला की नियम नको, हा मला पटत नाही. कारण नियम अडाण्यांसाठी केलेला आणि मग गोठवलेला नाही. तो सतत तपासला गेला. को-ट्रायमोक्झाझोलला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा अमॉक्सिसिलिन आलं. पाच दिवस औषध लागतं की तीन पुरतात, हा प्रश्न भारतातल्या सात मोठ्या रुग्णालयांत २,१८८ मुलांवर तपासला गेला. साध्या न्यूमोनियात तीन दिवसांनी ८९.५ टक्के मुलं बरी झाली, पाच दिवसांनी ८९.९ टक्के. जवळजवळ सारखंच. छाती आत ओढली जाणाऱ्या मुलाला भरती करून इंजेक्शनच द्यायला हवं, असं आधी मानत. २००८ मध्ये पाकिस्तानातल्या दोन हजारांवर मुलांच्या चाचणीत दिसलं की त्यातल्या बाकी गंभीर खुणा नसलेल्या मुलांना घरी तोंडाने दिलेलं औषधही तितकंच चालतं. नियम बदलला. एका डॉक्टरचा अनुभव कितीही मोठा असला तरी त्यात अशी दोन हजार मुलं शेजारी शेजारी ठेवून पाहिलेली नसतात.

नियमाचा दुसरा अर्धा भाग

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा भाग केला त्यावर येतो. नियमाला दोन बाजू आहेत. श्वास जलद असेल तर अँटिबायोटिक द्या, ही एक. श्वास नेहमीसारखा असेल तर देऊ नका, ही दुसरी. गडचिरोलीच्या दाईला या दोन्ही बाजू शिकवल्या होत्या. लाल मण्यापर्यंत पोचलो नाही, तर गोळी नाही.

पहिली बाजू मोडली जाते तिथे, जिथे आरोग्यसेवा पोचत नाही. दुसरी बाजू मोडली जाते आपल्याकडे, शहरात, जिथे प्रत्येक चौकात मेडिकल आहे. बाळाला सर्दी झाली. डॉक्टरने पाहिलं आणि म्हणाला, विषाणूची सर्दी आहे, दूध पाजत राहा, नाक मोकळं ठेवा, आठवड्यात जाईल. आपल्याला वाटतं, एवढ्यासाठी फी? मग आपण दुसरा डॉक्टर गाठतो, जो अँटिबायोटिक, खोकल्याचं सिरप आणि आणखी दोन बाटल्या लिहून देतो. बाळ आठवड्याने बरं होतं, जसं होणारच होतं. श्रेय बाटल्यांना जातं. पुढच्या वेळी आपण त्याच बाटल्या चिठ्ठीशिवाय आणतो.

याची किंमत काय असते ते २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-तापाने आजारी पडलेल्या मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. छिंदवाडा आपल्या विदर्भाला लागून आहे. त्यातल्या अनेक मुलांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं गेलं. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं विषारी द्रव्य मोठ्या प्रमाणात सापडलं.

दोष अर्थातच विषारी सिरप बनवणाऱ्याचा आणि ते तपासायचं काम असूनही न तपासणाऱ्यांचा. पण मला सारखं एक वाटत राहतं. लहान मुलाच्या साध्या सर्दीत ती बाटली मुळात हवीच कशाला होती? खोकल्याची सिरपं लहान मुलांमध्ये फारशी उपयोगी पडत नाहीत, हे नवं ज्ञान नाही. त्या घटनेनंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे सुचवली जात नाहीत. नियमाचा हा दुसरा अर्धा भाग रोजच्या सवयीत असता, तर विषारी बाटली बाजारात असूनही बऱ्याच घरांत शिरली नसती.

शिवाय अँटिबायोटिक विनाकारण वापरलं की जंतू त्याला सरावतात. मग ज्या बाळाला खरंच न्यूमोनिया होतो, त्याच्यासाठी आपलं स्वस्त, साधं औषध चालेनासं होतं. को-ट्रायमोक्झाझोलचं काय झालं ते आत्ताच सांगितलं.

तर मोजायचं कसं?

हे नीट ऐका आणि घरच्या ग्रुपवर टाका. बाळ शांत असताना मोजायचं, रडताना किंवा दूध पिताना नाही. झोपलेलं असेल तर उत्तम. अंगावरचं झबलं वर करा, पोट आणि छाती दिसू द्या. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास सारखा नसतो, चूक होते. पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, एक वर्षाखाली ५० किंवा जास्त, पाच वर्षांखाली ४० किंवा जास्त आला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

काही खुणा दिसल्या तर मोजत बसायचंच नाही, सरळ रुग्णालय. छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय. बाळ दूध किंवा पाणी पीत नाही. सगळं उलटून टाकतंय. झटका आला. गळून गेलंय, उठवलं तरी उठत नाही. शांत असतानाही श्वास आत घेताना घरघर वाजतेय. ओठ निळे पडलेत. आणि दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर कमी शंकेवरही दाखवा.

यातलं काही नसेल तर अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा, मोठ्या मुलाला कोमट पाणी, सूप, भाताची पेज द्या. एक वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी मध चालतो. वर्षाखाली मध चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. नाकात तेल सोडायचं नाही, ते फुफ्फुसात उतरतं. आणि रोज एकदा पुन्हा श्वास मोजायचा, कारण आज नुसती सर्दी असलेलं बाळ दोन दिवसांनी न्यूमोनियाकडे जाऊ शकतं.

लसही विसरू नका. हिमोफिलसविरुद्धची लस सरकारी पंचगुणी लशीत २०११ पासून टप्प्याटप्प्याने आली, न्यूमोकोकसची २०१७ पासून आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. गोरोकाच्या दवाखान्यात सुईने सापडलेले जंतू हेच दोन.

२०१९ पासून सरकारच्या 'सांस' मोहिमेत आशाताईंनाही न्यूमोनियाची खूण दिसली की अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन बाळाला पुढे पाठवायची मुभा मिळाली. दायांच्या त्या मण्यांपासून इथवर यायला तीस वर्षं लागली. जगात अजूनही दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे सात लाख मुलं न्यूमोनियाने जातात.

पुढच्या वेळी डॉक्टर बाळाची बंडी वर करून मिनिटभर गप्प बसून पाहत राहिला, तर अस्वस्थ होऊ नका. तो काहीच करत नाहीये असं नाही. आणि तो न मोजताच चिठ्ठी लिहायला लागला, तर नम्रपणे विचारा, 'डॉक्टर, श्वास किती आहे?'

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरी किंवा गावाकडे या दुखण्याला काय म्हणतात, तो शब्द आणि तुमचं गाव मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.